बायजाआत्याचा डावा हात

त्या काळी वलगावात सगळ्यात नटलेलं काय, असं मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आमच्या बायजाआत्याचा डावा हात. चेहरा नव्हे. चेहऱ्याला ती पाण्याशिवाय काही लावत नसे. ती ऐन तरुणपणी विधवा झालेली. कपाळ मोकळं, डोळे मोकळे, हातात बांगडी नाही. पण लुगड्याचा पदर सरकला की मनगटापासून कोपरापर्यंत जत्रा भरलेली दिसायची. एक काजळाची रेघ, एक सफेद्याचा पट्टा, दात काळे करायच्या मिश्शीचा ठिपका, अन् कोपराजवळ कुठल्याशा साबणानं उठवलेला लाल चट्टा.

गल्लीतल्या कोणत्याही बाईनं तोंडाला लावायचं नवीन काही आणलं, की ते आधी आत्याच्या हातावर चढायचं. आत्या ते बोटानं चोळायची, वरून धुवट चिंधी बांधायची अन् दुसऱ्या दिवशी उन्हात बसून चिंधी सोडायची. मग निकाल. बायका घाई करू लागल्या की तिचं ठरलेलं वाक्य, "तोंड एकच असते बाई, हात दोन असतेत. आधी माह्या हाताले पाहू दे."

हे खूळ कापसानं आणलं. तिकडे अमेरिकेत लढाई लागली, विलायतेतल्या गिरण्या उपाशी पडल्या, अन् आमच्या काळ्या मातीतला कापूस एकाएकी सोन्याच्या भावानं जाऊ लागला. कापूस लादून गेलेल्या गाड्या परत येताना रिकाम्या येईनात. बाप्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, मग बायकांनी काय पाप केलं होतं? अमरावतीचे अब्बासमियाँ तट्टावर पेटी लादून आठवड्याला वलगावात येऊ लागले. अत्तर, सुरमा, मिश्शी, मुंबईचा साबण, अन् सगळ्यात जास्त खपायचा तो सफेदा. पांढरीशुभ्र भुकटी. गालाला लावली की कापूस वेचणारी बाई घटकाभर सावकारीण दिसायची.

पाटलांच्या धाकट्या सुनेनं हा सफेदा रोज लावला. दिवाळीला सुरुवात केली अन् होळीपर्यंत तिच्या गालांना उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडल्या. भेगांभोवती काळपट डाग. डाग झाकायला ती अजून सफेदा लावायची, त्यानं डाग अजून वाढायचे. तिला पाहून आत्या घरी आली अन् त्याच दिवसापासून तिनं डावा हात गल्लीच्या नावे लिहून दिला.

मी तेव्हा नुकताच मुंबईहून बी.ए. होऊन आलो होतो. आमच्या घराण्यातला मी पहिला शिकलेला. माझ्याआधीच्या सगळ्या पिढ्या कागदावर अंगठा उठवून मोकळ्या झाल्या. हे सांगताना मला लाज वाटत नाही. चार पिढ्या घरात पोथ्या असून ज्यांची पोरं नापास होतात त्यांना वाटावी. तर मी आत्याला माझं ज्ञान दिलं. म्हटलं, "आत्या, सफेद्यात शिसं असतं. कधी कधी रसकापूरही घालतात. दोन्ही विष आहेत. हात कशाला जाळून घेतेस?"

आत्या सरकी काढायच्या रेच्यापाशी बसली होती. दांडा फिरवता फिरवता म्हणाली, "हे तुले कालेजात सांगतलं?"

"हो."

"मंग मुंबईच्या बायका काहून लावतेत?"

ती पुढे म्हणाली, "तू इस म्हनतं, अब्बास म्हनते अमृत. गल्लीतल्या बायका तुह्यंही आयकत नाईत अन् माह्यंही नाई. पन हातावरचा फोड आयकतेत."

मालाला तिनं नावं ठेवली होती. लावल्याबरोबर चुरचुरतो तो 'जयका', म्हणजे जळका. दुसऱ्या दिवशी खाजवतो तो 'खाजरा'. ज्यानं काहीच होत नाही तो 'गरीब'. अन् जो दोन दिवस गरिबासारखा बसून तिसऱ्या दिवशी अंग दाखवतो तो 'जावई'. यातला 'जावई' वर्गातला माल ती कोणाला घेऊ देत नसे.

तिची परीक्षा नेहमी बरोबर यायची असं मात्र समजू नका. मी मुंबईहून आणलेला उत्तम साबण तिनं नापास केला, का तर वासानं तिला शिंका आल्या. एकदा एक काजळ तिनं 'गरीब' ठरवलं. ते घालून तीन बायकांचे डोळे टमाट्यासारखे सुजले. बायका भांडायला आल्या तर म्हणाली, "हाताले डोये असतेत का बाप्पा? मी काय करू?" अन् पाटलांचा मिशीला लावायचा कलप तपासायच्या भरात तिनं अर्धा हात काळा करून घेतला. तो डाग पोळ्यापर्यंत निघाला नाही. तेवढे दिवस ती भाकरी वाढताना डावा हात पाठीमागे धरून फिरायची.

अब्बासमियाँ तिला फूफी, म्हणजे आत्याच, म्हणायचे. पेटी उतरवायच्या आधी लांबूनच विचारायचे, "फूफी, आज हात कैसा है?"

"तुह्या मागच्या डबीनं सडला."

"वो डबी गोरी होने की थी फूफी, हात को थोडी मालूम।"

"मंग तूच लाव नं. तुह्या तोंडावर लय जागा हाय."

अब्बासमियाँ हसत हसत पेटी उघडायचे. त्यांचा अर्धा माल आत्यापायी परत जायचा, पण नवीन डबी आली की पहिला नमुना ते तिलाच द्यायचे. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "भाई, फूफीनं पास केलेला माल मी अंजनगाव, दर्यापूरमध्ये कसम खाऊन विकतो."

त्याच वर्षी माझ्या बहिणीचं, गोदीचं लग्न ठरलं. अकोल्याचं घर, कापसाची मोठी अडत. मुलगा चांगला. गोदी सावळी. हे सांगायचं कारण असं, की तिच्या होणाऱ्या सासूला ते फार खुपत होतं. लग्नाच्या आठ दिवस आधी अकोल्याहून एक नक्षीची पेटी आली. आत चांदीचा करंडा, त्यात कुंकू. अन् चिनी मातीच्या बरणीत सफेदा. सोबतच्या माणसानं निरोप सांगितला, विहीणबाईंनी म्हटलं आहे, आजपासून पोरीला रोज हा लावा. मांडवात ती गोरी दिसली पाहिजे, आमचे लोक येणार आहेत.

बरणी पाहून आत्याचा डावा हात आपोआप पुढे आला. माझे वडील तिचे धाकटे भाऊ. जन्मात तिला उलट बोलले नव्हते. पण त्या दिवशी ते मध्ये उभे राहिले.

"बाई, या पेटीले हात नको लावू."

"काहून रे?"

वडील खाली पाहत म्हणाले, "नवरीचं लेणं हाय. पयला हात..." अन् तिथंच थांबले.

पुढचं सगळ्यांना कळलं. नवरीच्या कुंकवाला विधवेचा पहिला हात लागला हे अकोल्याला समजलं असतं तर सोयरीक मोडली असती. त्या काळी याहून लहान कारणांनी मांडव परत गेलेले मी पाहिले आहेत. आत्यानं हात पदराखाली घेतला. "बरं," म्हणाली, अन् रेच्याकडे गेली.

पण गोदीनं पाटलांच्या सुनेचे गाल रोज नदीवर पाहिले होते. दुपारी सगळे कलंडले तेव्हा तिनं बरणीतला चिमूटभर सफेदा अन् करंड्यातलं चिमूटभर कुंकू पळसाच्या पानावर घेतलं अन् कापसाच्या कोठीत आत्यापुढे ठेवलं. म्हणाली, "पयला हात माह्याच लागला आत्या. आता तू पाह्य."

तिसऱ्या दिवशी तिनं गोदीच्या अन् माझ्यादेखत चिंधी सोडली तर सफेद्याच्या जागी पाणीदार फोडांची रांग. आत्या खूश झाली. "जयका, खाजरा अन् जावई, तिन्ही एका बरनीत," ती म्हणाली. बरणी कोणी उघडायची नाही असं आम्ही तिघांनी ठरवलं. वडिलांना सांगितलं नाही.

हळदीच्या दिवशी अकोल्याच्या बायका आल्या. सगळ्यांच्या पुढे विहीणबाई. अंगावर सोनं, अन् चेहऱ्यावर सफेदा असा जाड की त्या हसल्या तर भिंतीचा पोपडा पडावा तसं काही पडेल अशी मला धास्ती वाटली. पण त्या हसल्या नाहीत. गोदीची हनुवटी धरून म्हणाल्या, "बरनी पाठवली होती नं? तशीच दिसून राह्यली हे पोट्टी."

मी शिशाबद्दल दोन वाक्यं इंग्रजीतून मराठीत जुळवत होतो. तेवढ्यात कोठीचं दार वाजलं अन् आत्या बाहेर आली. हळदीच्या मांडवात विधवेनं यायचं नसतं. ती मांडवाच्या कडेला, शेवटच्या खांबापाशी थांबली, पाय आत टाकला नाही, नुसता डावा हात लांब करून आत धरला.

"इहीनबाई, तुमच्या बरनीचं हे असं झालं. पोरीच्या तोंडाचं करू का?"

वडिलांचा चेहरा विहीणबाईंपेक्षा पांढरा झाला. विहीणबाई उठल्या. एवढं सोनं घालून माणूस चालतं तेव्हा आवाज येतो, तो मला अजून आठवतो. त्या आत्याजवळ गेल्या, फोडांकडे वाकून पाहिलं. मग मांडवाकडे पाठ करून अगदी हळू म्हणाल्या, पण मी खांबामागेच होतो म्हणून ऐकलं.

"खाजवते का हो हे?"

"जीव घेते."

"रात्री जास्त?"

आत्यानं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग आवाज बदलून म्हणाली, "कवापासून लावता?"

"मालक अडतीत मोठे झाले तवापासून."

"या आत."

दोघी कोठीत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा विहीणबाईंचं तोंड धुतलेलं होतं अन् त्यावर लोणी चोपडलेलं. खालची बाई डागाळलेली, दमलेली अन् चांगलीच सावळी निघाली. गोदीपेक्षा एखादी छटा जास्तच. त्यांनी पाटावर बसून हुकूम सोडला, "हळद लावा. कोनं पोरीच्या तोंडाले दुसरं काही लावलं तर पाह्यजा." वडिलांनी खांब धरला तो बराच वेळ सोडला नाही.

लग्न झालं. निघताना गोदी आत्याच्या पाया पडायला कोठीत गेली. तिची नक्षीची पेटी घेऊन मी मागे. आत्यानं तिला उठवायला हात पुढे केले, अन् डाव्या हाताचा पदर सरकला. फोड सुकले होते. त्यांच्या जरा वर, हाताच्या आतल्या गोऱ्या बाजूला, कुंकवाचा एक टिळा होता. नमुना चोळलेला असतो, फासलेला असतो. हा तसा नव्हता. खाली मेणाचा गोल लावून त्यावर बोटानं दाबून बसवलेला, चंद्रासारखा नीट, सवाष्ण बाई सकाळी कपाळाला लावते तसा.

गोदीनं पाहिलं. आत्यानं पदर ओढला.

"तुह्यंच कुकू हाय. पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "बायका मेनावरच लावतेत नं, मंग मेनावरच पाहा लागते."

"कसं हाय?"

"अजून कयलं नाई."

गोदीनं पेटीतला चांदीचा करंडा उघडला, पळसाच्या पानावर त्यातलं कुंकू काढलं, चिमूटभर नव्हे, चांगलं मूठभर, अन् पुडी बांधून आत्याच्या हातात दिली. "मले भरोसा नाई आत्या. नीट पाह्य. रोज पाह्य."

पुढे अमेरिकेतली लढाई संपली, कापूस जमिनीवर आला, बैलांच्या शिंगांवरच्या शेंब्या निघाल्या. अब्बासमियाँ पुन्हा नुसतं अत्तर अन् सुरमा विकू लागले. गल्लीतल्या बायकांची नवीन डबी घ्यायची ऐपत राहिली नाही. तपासायला कोणी काही आणेना. आत्याचा हात हळूहळू हातासारखा दिसू लागला. फक्त तेवढा एक टिळा सोडून. कारण गोदी अकोल्याहून माहेरी आली की दर वेळी एक पुडी घेऊन यायची, अन् पुडी देताना तक्रारीचा सूर लावायची, "या खेपेचं कुकू मले काही बरोबर वाटत नाई आत्या."

एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, "अगं, कुंकवात काय असतं? हळद अन् चुना. त्याची परीक्षा एका दिवसात होते."

गोदीनं मला असा चिमटा काढला की त्याचा डाग कलपासारखा टिकला.

आत्यानं पदर नीट केला, अन् रेच्याचा दांडा फिरवायला घेतला. "तुह्या कालेजात होत असन," ती म्हणाली. "इथं येळ लागते."