संकष्टीच्या दिवशी बदकांची शिकार

माणूस जन्मतः छंदहीन असतो. छंद त्याला बायोडेटा भरताना लागतात. हा छंद बहुधा ‘वाचन’ असतो, कारण त्याला पुरावा लागत नाही. शैलेंद्रनेही १९९६ साली दुबईच्या देरा भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीचा फॉर्म भरताना ‘वाचन’ लिहायलाच पेन उचललं होतं. पण मालक इद्रीससाहेबांच्या भिंतीवर टांगलेली बंदूक दिसली, आणि पेनाने आपण होऊन ‘बदकांची शिकार’ लिहून टाकलं. नोकरी लागली. (बदक त्याने तोवर लहानपणी एकदा पाहिलं होतं, आणि तेव्हा तोच पळाला होता.)

दोन वर्षांनी अबू धाबी शाखेच्या मॅनेजरची खुर्ची रिकामी झाली.

"शैलेंद्र हबीबी," साहेब म्हणाले, "फ्रायडे को फार्म पे आओ. तुम्हारा शिकार देखेंगे, फिर कुर्सी का सोचेंगे. यल्ला!"

खुर्चीबरोबर फ्लॅट, गाडी आणि लेकीची चांगली शाळा होती. शैलेंद्र "इन्शाल्ला" म्हणाला आणि घरी येऊन पंख्याखाली घाम पुसत बसला.

आता नियमांविषयी. रानपक्ष्यांना कायद्याने हात लावता येत नाही, म्हणून साहेबांनी फार्मवरच्या तळ्यात स्वतःची बदकं पाळली होती. (आपल्याच बदकांवर झुडपाआडून नेम धरणं, याला सुसंस्कृत शिकार म्हणतात.) घरचे नियम याहून कडक. त्याची बायको साधना म्हणाली, "सोमवार, गुरुवार, शनिवार जिवाला हात लावायचा नाही. एकादशी, चतुर्थी, श्रावण तर बादच." एवढी वजाबाकी करून शुक्रवार शिल्लक राहत होता. साधनाने कॅलेंडर पाहिलं. त्या शुक्रवारी नेमकी संकष्टी निघाली.

"मग खुर्ची सोडून देऊ?" शैलेंद्र म्हणाला.

साधनाने गणपतीचा विचार केला, मग फ्लॅटचा केला. "शिकारीला जायला हरकत नाही," ती म्हणाली. "बदक पडायला हरकत आहे."

साहित्याची जमवाजमव शैलेंद्रने देऱ्याच्या बाजारात केली. पानापानांचं हिरवं जाकीट, हे शिकाऱ्याला निसर्गात लपवण्यासाठी असतं. (निसर्ग इथे पिवळा असल्यामुळे तो हायवेवरूनही दिसत होता.) बदकांना भुलवायला तळ्यात सोडायची नकली बदकं, ती न मिळाल्याने बाळांच्या टबात तरंगणारी रबरी, दाबली की वाजणारी. आणि उपासाच्या साबुदाणा खिचडीचा डबा.

फार्मवर बंदूक हातात द्यायला राहुल उभा होता. हाच अबू धाबीचा आधीचा मॅनेजर, हल्ली अजमानच्या गोदामात असतो.

"काही कर, पण लागू देऊ नकोस," तो कानाशी कुजबुजला. "साहेबांचा नेम नऊ हिवाळ्यांत एकदाही लागलेला नाही. मागच्या खेपेला माझा लागला. चुकून रे! तेव्हापासून पोती मोजतोय."

शैलेंद्रला आनंदाने नाचावंसं वाटलं. देव, बायको आणि साहेब या तिघांनाही एकच गोष्ट हवी होती, आणि तेवढीच त्याला येत होती.

पण बदकांना कुणी सांगितलं नव्हतं. चहूकडे वाळू आणि मध्ये एकच हिरवं झाड, त्यात झाडाला खिचडीचा वास! सगळं तळं चालत त्याच्याकडे आलं. एक बदक बुटावर बसलं, एकाने डब्यात चोच घातली, आणि एक थेट नळीसमोर मान वर करून उभं राहिलं.

"यल्ला, शैलेंद्र! शूट!" साहेब ओरडले.

एवढ्या जवळून चुकवायला मोठा नेमबाज लागतो. शैलेंद्रने डोळे मिटले, "मोरया!" म्हटलं, नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला. धक्क्याने तो उलटा तळ्यात पडला. खिशातली रबरी बदकं एकदम वाजली, खरी बदकं कलकलाट करत डब्यावर तुटून पडली, आणि इद्रीससाहेब हसता हसता वाळूतच बसले.

"मुझसे भी खराब!" ते डोळे पुसत म्हणाले. "खलास! कुर्सी तुम्हारी!"

अबू धाबीला पोचल्यावर शैलेंद्रने पहिलं काम केलं ते बायोडेटात ‘शिकार’ खोडून ‘वाचन’ लिहिण्याचं. या छंदाला बंदूक लागत नाही आणि कुणी फार्मवर नेऊन परीक्षाही घेत नाही.

तुमच्या बायोडेटातही तोच छंद असणार. तर मग सांगा पाहू, साधनाने कोणते तीन वार वर्ज्य सांगितले होते?

वर बघायचं नाही.