डावीकडं ओढणारी गाडी

संतराम गाडीखाली उताणा पडून मोजत होता. "सहा... सात... आठ..."

"अवं, भाकरी किती थापू तुमाला?" चुलीपुढून शकुबाईनं विचारलं.

"चार!" संतराम ओरडला आणि हातातला सांधा फिरवत पुढं मोजू लागला, "पाच... सहा... सात..."

अकरा म्हणेपर्यंत टाय रॉडचा, म्हणजे स्टेअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याचा, झिजलेला सांधा सुटून त्याच्या हातात आला. जितके फेरे काढाल तितकेच घाला, नाहीतर चाक वाकडं बसेल, असं मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या माणसानं बजावलं होतं. म्हणून नवा सांधा त्यानं मोजून अकरा फेरे देऊन बसवला आणि अंग झटकत बाहेर आला. गॅरेजवाला गाडी दोन दिवस ठेवून जा म्हणत होता. दोन दिवस कशाला? आपला हात जगन्नाथ! गल्लीतून एक चक्कर मारून त्यानं खात्रीही करून घेतली. गल्ली मुळातच वाकडी, तिथं गाडी सरळ चालते की नाही हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

घाईचं कारण शकुबाईचं होतं. तिच्या धाकट्या भावाच्या, नरसिंगच्या घरी सात वर्षांनी पाळणा हलला होता. उद्या बारसं होतं, नाव ठेवायचा मान आत्याचा आणि गाडी घेतल्यापासून शकुबाई माहेरी गेलेली नव्हती. आयुष्यभर जीपच्या मागच्या फळीवर अंग चोरून माहेरी गेलेल्या त्या बाईला एकदा, फक्त एकदाच, स्वतःच्या गाडीतून आईच्या दारात उतरायचं होतं. तिनं नवं लुगडं काढलं, बाळासाठी चांदीचे वाळे घेतले आणि सकाळी संतरामच्या शेजारी अशी ऐटीत बसली की शेजारणींना मुद्दाम बोलवावं लागलं नाही.

हिंगोली सोडली आणि गाडी डावीकडं ओढू लागली. स्टेअरिंग उजवीकडं पिळून धरावं तेव्हा कुठं ती नाकासमोर चालायची.

"तुमी असं वाकडं काहून धरून राहिले?" शकुबाईनं विचारलं.

"हवा कमी असंल."

पंपावर हवा भरली. ओढणं तसंच. मग संतरामनं रस्त्याला दोष दिला. रस्ता डावीकडं उतरता आहे म्हणून त्यानं गाडी उजव्या कडेनं चालवली, समोरच्या ट्रकवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि मुकाट परत डावीकडं आला. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्याला कोणी सांगायचं?

"त्या सांध्याचं तर न्हाई ना काही?"

"मोजून अकरा फेरे दिलेत!" संतरामला मिरची झोंबली. त्यानं बायकोकडं नीट बघितलं आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. "तू डावीकडं बसलीस. भार एका अंगाला येऊन राहिला."

"माझं वजन काढून राहिले का तुमी?"

"अगं, गाडीचं गणित सांगतोय!"

कळमनुरीला शकुबाई मागच्या सीटवर गेली. बाळापूरला ती बरोबर संतरामच्या पाठीमागं सरकली आणि माहेरी न्यायची तुरीच्या डाळीची पिशवीही मांडीवर घेतली. गाडी डावीकडंच ओढत राहिली. वारंगा फाट्यावर संतरामनं गाडी थांबवली. इथं त्यानं गप्प बसायला हवं होतं. पण माणसाला जिथं गप्प बसायचं असतं, नेमकी तिथंच जीभ सुटते.

"जरा उतर. रिकामी चालवून बघतो."

शकुबाईनं मांडीवरची पिशवी सीटवर ठेवली. नव्या लुगड्याचा पदर सावरत उतरली आणि चहाच्या टपरीपाशी उभी राहिली.

रिकामी गाडीही डावीकडंच ओढली. लगेच मागं वळावं म्हटलं, तर मधला दुभाजक काही संपेना. बऱ्याच लांबून वळसा घालून तो फाट्यावर आला, तेव्हा टपरीपाशी कोणी नव्हतं.

"त्या मावशी व्हय? जीपमधी गेल्या," टपरीवाला म्हणाला.

"काही सांगून गेल्या का?"

"म्हनल्या, गाडीला आपलं ओझं व्हायलंय."

संतराम पुढं निघाला खरा. पण फाट्यानंतर गाडी कुठं ओढत होती याकडं त्याचं लक्षच नव्हतं. मागच्या सीटवर वाळ्यांची डबी तशीच पडून होती. ती दिसली आणि त्याला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

तो पोचला तेव्हा बारसं उरकलं होतं. आत्यानं बाळाच्या कानात माऊली हे नाव सांगितलं होतं, रिकाम्या हातानं. गाडी दारात उभी राहिली, पण बघायला कोणी बाहेर आलं नाही. शकुबाईनं डबी घेतली, वाळे बाळाच्या पायात घातले आणि नवऱ्याकडं न बघता आत गेली.

"दाजी, ताई जीपनं कशी आली?" नरसिंगनं विचारलं.

संतराम पाटावर बसला आणि त्यानं ताट पुढं ओढलं.

सासूबाई, रुख्मिणीबाई, पुरणपोळ्यांची टोपली घेऊन आल्या. "जावाईबापू, पोळ्या किती वाढू?"

"चार," संतराम म्हणाला आणि एकाएकी त्याचा चेहरा उतरला. त्याला गाडीखालचा तो क्षण आठवला. आठ. मग भाकरी चार. मग पाच.

"शकू," त्यानं आतल्या दाराकडं बघत सगळ्यांदेखत सांगून टाकलं. "तू भाकरी इचारल्यास. मी चार म्हणलो आन् तिथूनच पुढं मोजत गेलो. सांधा चार फेरे कमी बसला. तुझ्या वजनाचं काही नव्हतं. चूक माझी हाय."

घरात कोणी हसलं नाही, कारण कोणालाच काही कळलं नाही. एकट्या शकुबाईला कळलं. ती बाहेर आली, आईच्या हातातली टोपली घेतली आणि संतरामच्या ताटात चार पोळ्या वाढल्या. मग आणखी एक.

"पाच," ती म्हणाली. "सहा. सात."

"अगं शकू, एवढ्या कशा..."

"आठ. बराबर मोजताय ना?"

वारंगा फाट्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. म्हणून संतरामनं ताटावर हात आडवा धरला नाही.