ठकीला लावायचं वय

ठकी नावाच्या कुत्रीला वय नव्हतं, आणि ते किती लावायचं हे प्रल्हाद खानझोडे यांना सोमवारपर्यंत ठरवायचं होतं.

त्यांच्या गावात रस्त्यावर सापडलेल्या कुत्र्याला वय नसतं. घरात जन्मलेल्या पिल्लाला ते जन्मापासूनच लागतं, त्याचा काही प्रश्न नाही. सापडलेल्याला मात्र पालिकेच्या वयनोंद खिडकीवर नेऊन लावून घ्यावं लागतं. तोवर ते कुत्रं सापडलं त्या दिवशी जसं होतं तसंच राहतं. बहुतेक लोक पहिल्याच वर्षी हे काम उरकून टाकतात. खानझोडेही नऊ वर्षांपूर्वी गेले होते. पण अर्जात 'अंदाजे वय' असा रकाना होता. खानझोडे संख्याशास्त्राचे डॉक्टर, एकतीस वर्षं कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. अंदाज कशाला म्हणावं आणि कशाला म्हणू नये, यावर त्यांचे दोन निबंध छापून आले होते. ते कोरा अर्ज घेऊन घरी आले, नीट विचार करून भरू म्हणाले, आणि तो विचार नऊ वर्षं चालला.

ठकीची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. नऊ वर्षं तिचं वजन चौदा किलो होतं. तिची नखं वाढत नव्हती, दात झिजत नव्हते, एक केस पांढरा झाला नव्हता. ती कधी माजावर आली नव्हती आणि कधी दमलीही नव्हती. याच काळात खानझोडे मात्र अडुसष्टचे सत्याहत्तर झाले.

अडचण दिवाळीनंतर सुरू झाली. ठकीनं टोपलीतले चार बटाटे एकेक करून पलंगाखाली नेले, त्यांच्याभोवती अंगाचं वेटोळं केलं आणि ती तिथून उठेना. बटाट्याला हात लावला की हळू गुरगुरायची. तिसऱ्या दिवशी तिनं त्यातला एक चाटून चाटून सालपटासकट गुळगुळीत केला.

"अहो, हिला पिल्लं हवीत," कुमुदताई म्हणाल्या.

"हा निष्कर्ष झाला. चार बटाट्यांवरून तो काढता येईल का, हे बघावं लागेल."

"तुम्ही बघा. मी भाजी कशाची करू तेवढं सांगा."

खानझोडे यांनी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर इंगोले यांना फोन लावला. कुत्रीला पहिली पिल्लं कोणत्या वयात होऊ द्यावीत, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पहिला माज सोडून द्यायचा. दोन वर्षं पुरी झाली पाहिजेत, अंग भरलं पाहिजे. आणि पहिलंच बाळंतपण पाचाच्या पुढं नेऊ नका, जिवावर बेततं. तुमची किती वर्षांची आहे?"

"तिला अजून वय नाही."

"मग लावून आणा आणि मला सांगा. ते बरोबर आहे का ते मी सांगतो."

"पण बरोबर कोणतं ते कळलं, तर तेच लावता येईल ना."

"सर, लावलेलं वय मी तपासू शकतो. न लावलेलं कसं तपासू?" डॉक्टर म्हणाले. ते खानझोडे यांना पटलं, आणि पटल्यामुळे रात्री जेवण गेलं नाही.

त्यांना खरी भीती दुसरीच होती, आणि ती कुमुदताईंना ठाऊक होती. वय एकदा लागलं की ते थांबत नाही. ते खोडायची सोय नाही. वय नव्हतं तोवर ठकी कधीच मरणार नव्हती. पिल्लांसाठी तिला वय द्यायचं, तर सोबत म्हातारपण द्यावं लागणार होतं, आणि त्याच्या पुढचंही. हे तिच्या वतीनं आपण कोणत्या अधिकारात ठरवायचं, असं ते कुमुदताईंना विचारत राहिले.

"नाही ठरवलं, तर तेही तुम्हीच ठरवलेलं असतं," कुमुदताई म्हणाल्या. "नऊ वर्षं ठरवताय."

वयनोंद खिडकी वर्षातून एकच आठवडा उघडी असते आणि त्याचा शेवटचा दिवस सोमवार होता. खानझोडे ठकीला घेऊन साडेदहाला हजर झाले. काखेत आलेखांची फाइल होती. खिडकीशी गजभिये मॅडम होत्या. नऊ वर्षांपूर्वीही त्याच होत्या.

"या ना जी सर," त्या म्हणाल्या. "मले वाटलं अर्ज हरवला तुमचा. बसा. कुत्रीले बाकावर बसवलं तरी चालते."

ठकी बाकावर बसली. मॅडमनी जाडजूड नोंदवही उघडली.

"बोला. वय काय लावू?"

"आधी एक शंका होती. समजा दोन वर्षं लावली. दोन वर्षांच्या कुत्रीला आधी दोन-तीन माज येऊन गेलेले असतात. हिला एकही आलेला नाही. ते राहिलेले कुठे नोंदवायचे?"

"मागचे सारे वयासोबतच येतात. वेगळा अर्ज नाही लागत."

"आणि लहानपणीच्या आठवणी?"

"त्याही येतात. पण त्या तिच्याच राहतात, आमी विचारत नाही." मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "किती?"

खानझोडे यांनी फाइल उघडली. "मी बराच हिशेब केला. सगळ्या बाजूंनी पाहिलं तर चार वर्षं अकरा महिने येतात."

"महिन्याचा रकाना नाही जी. पूर्ण वर्ष सांगा. जन्मतारीख सगळ्यांची एक जून."

"मग पाच."

मॅडम लिहिणार होत्या, पण थांबल्या. त्यांनी ठकीकडे पाहिलं, मग आलेखाकडे. "सर, हिले पिल्लं पाहिजेत म्हणून लावून राहिले ना? पाचाले पहिलं बाळंतपण म्हणजे जीव टांगणीले. इतकं शिकलेले तुमी. हे पाच आणलं कुठून?"

खानझोडे यांनी आलेख त्यांच्यासमोर सरकवला आणि एकेक रेघ समजावून सांगायला सुरुवात केली. ही कुत्र्यांच्या आयुष्याची सरासरी. हा धोका. ही खाली उतरणारी तिसरी रेघ.

"ही कोणाची?" मॅडमनी विचारलं.

खानझोडे रेघेकडे पाहत राहिले. ती सत्याहत्तरला सुरू होत होती. कुत्र्याच्या आलेखात सत्याहत्तर येण्याचं काही कारण नव्हतं.

"माझी," ते म्हणाले.

पाच वर्षांची कुत्री आणि सत्याहत्तर वर्षांचा माणूस यांच्या रेघा जवळपास एकाच ठिकाणी संपत होत्या. तिथं त्यांनी पेन्सिलीनं बारीक गोल काढला होता. तो कधी काढला, हे त्यांना आठवेना. तीन रात्री आपण कुत्रीचं वय काढतोय असं त्यांना वाटत होतं.

"मॅडम, माझ्या हातून हे व्हायचं नाही," ते म्हणाले. "मी या कामाला लायक नाही. दुसरं कोणी लावू शकेल का?"

"कोण लावन बाप्पा? मालकाची सही लागते." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "एक सांगा. तुमचं वय कोणी लावलं?"

"माझं?"

"तुमी खेड्यातले ना? तुमची जन्मतारीख काय?"

"एक जून." खानझोडे जरा ओशाळले. "शाळेत घालायला वडिलांनी नेलं. घरात कुणाला साल आठवेना. हेडमास्तरांनी मला डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला सांगितलं. धरता आला, म्हणून सहा वर्षं लावली."

"पूर्ण धरला होता?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. "नाही. बोटाचं टोक लागलं होतं. मी मान वाकडी केली होती."

"मास्तरले किती वेळ लागला?"

"अर्धा मिनिट."

"त्याच्यावर तुमचं शिक्षण झालं, लगन झालं, नोकरी झाली, पेन्शनही चालू हाय. काही अडलं?"

खानझोडे यांनी प्रामाणिकपणे विचार केला. त्याला बराच वेळ लागला. मागं रांगेत पोपटाचा पिंजरा घेऊन उभा असलेला माणूस म्हणाला, "काकाजी, होऊ द्या ना लवकर. याचंही वयापाशीच अडलेलं आहे."

"अडलं असं नाही म्हणता येणार," खानझोडे म्हणाले. "पण ते वय माझं आहे, असं मला कधी वाटलंही नाही."

"ते कोणालेच वाटत नाही जी," मॅडम म्हणाल्या. "वापरून वापरून बसते अंगाले."

खानझोडे बाकाकडे वळले. ठकी त्यांच्याकडेच पाहत होती. तिचे कान उभे होते. काय चाललंय हे तिला समजत नव्हतं, पण जे काही चाललंय त्यात आपण आहोत एवढं तिनं ओळखलेलं दिसत होतं. दोन लावली तर पुढं दहा-बारा वर्षं येतात. म्हणजे आपण एकोणनव्वद. आलेखातली आपली रेघ तिथवर जात नाही.

"दोन लावली, तर ती माझ्या मागं राहील," ते म्हणाले. "अर्जात त्याचं काय?"

मॅडमनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून पाठही पाहिली.

"त्याचा रकाना नाही," त्या म्हणाल्या.

खानझोडे यांनी हात पुढे करून पेन मागून घेतलं. त्यांनी अंक जरा मोठा काढला. दोन. मग सही केली. मॅडमनी शिक्का शाईत दाबला, फुंकर मारली आणि नोंदवहीत उमटवला.

ठकी शिंकली. मग अंग झटकून उभी राहिली, आणि बाकावर तिच्या नखांचा आवाज झाला.

"नखं कापून घ्या आठ दिवसात," मॅडम म्हणाल्या. "पुढचं कोण?"

पालिकेपासून घर दहा मिनिटांवर होतं. त्या दिवशी सव्वा तास लागला. प्रत्येक खांबाशी, प्रत्येक पायरीशी ठकी थांबायची आणि नाक लावून लांबलचक वाचन करायची, आणि खानझोडे दोरी सैल धरून उभे राहायचे. घाईचं काही कारण त्यांना सापडत नव्हतं. चौकापर्यंत मागं पाच कुत्रे लागले होते. एकाच्याही तोंडून आवाज नव्हता. ते ठरावीक अंतर ठेवून रांगेत चालत होते.

खानझोडे मागं वळले. काय बोलावं याचा त्यांना क्षणभर संकोच वाटला.

"हे बघा," ते म्हणाले, "नोंद झालेल्यांनीच पुढं यावं."

दोन कुत्रे तिथंच खाली बसले. उरलेल्या तिघांतल्या पहिल्याच्या पट्ट्यावर पालिकेचा वयाचा बिल्ला होता, त्यावर चारचा आकडा. खानझोडे यांनी वाकून तो नीट वाचला. इंगोले डॉक्टरांना फोन करून हाही बरोबर आहे का ते विचारलं पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, ते ठकीला कळत असेल.

पुलाच्या कठड्यापाशी ठकी थांबली. तिथं हुंगण्यासारखं काही नव्हतं. तिची जीभ बाहेर आली होती, बरगड्या भराभर वरखाली होत होत्या. तिनं एकदा स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग खानझोडे यांच्याकडे, जणू हे काय आहे असं विचारतेय.

"दमलीस," खानझोडे म्हणाले. "असंच होतं. जरा बसायचं."

ते स्वतः कठड्यावर टेकले आणि ठकी त्यांच्या बुटांवर हनुवटी ठेवून पसरली. तिन्ही कुत्रे हातभर अंतर सोडून थांबले.