छपरावरून ऐकलेली ओवी

देवमन वानखडे अकोल्याच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते, आणि यंत्रातलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं गावात कुणाला कळत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. कचेरीतला बिघडलेला टाइपरायटर त्यांनी एकदा एकट्याने उघडून पुन्हा जोडला होता. जोडून झाल्यावर तीन स्क्रू उरले, तेव्हा "कंपनीवाले उगीच जास्तीचे लावतात," असं त्यांनी साहेबांनाच समजावून दिलं. त्यामुळे एकसष्ट सालच्या मे महिन्यात त्यांनी नवा रेडिओ घेतला आणि दुकानदार "मेकॅनिक धाडतो" म्हणाला, तेव्हा त्यांना अपमानच वाटला.

"मेकॅनिक काहून? मी काय लहान लेकरू हावो?"

रेडिओ मांडीवर घेऊन ते टांग्यात बसले. दुकानदार मागून ओरडला, "साहेब, गरम होऊ द्या, मंग बोलते." टांग्याच्या खडखडाटात त्यातला 'गरम' एवढाच शब्द देवमनभाऊंपर्यंत पोचला.

आता रेडिओ कशासाठी, तर भाऊंची बायको केशरबाई. जात्यावरच्या ओव्या ती अशा म्हणायची की, रस्त्याने जाणारी बाई डोक्यावरच्या घागरीसकट थांबायची. नागपूरच्या रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात तिला बोलावणं आलं होतं, रविवारी संध्याकाळी पावणेसहाला. शनिवारी गाडीत बसताना ती म्हणाली, "पाच ओव्या म्हनून राहिली मी. शेवटची तुमच्यावर रचली."

"काय हाय तिच्यात?"

"आता कायले सांगू? रेडिओवरच ऐकजा. अन् मी आली का मले सांगजा, कबूल हाय का नाही ते."

गाडी गेली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण बायकोने आपल्यावर काही रचल्याचं भाऊंना आठवत नव्हतं. उभा विदर्भ आपलं कौतुक ऐकणार या आनंदात त्यांनी अख्ख्या आळीला आमंत्रण दिलं. कुणी काही विचारलं की ते फक्त "शेवटची ऐका, शेवटची" म्हणायचे.

रविवारी दुपारी चारला त्यांनी रेडिओचं बटण फिरवलं. काचेमागे पिवळा दिवा लागला. आवाज मात्र नाही. दहा अंक मोजून त्यांनी रेडिओ बंद केला. पुन्हा लावला, पुन्हा दहा अंक, पुन्हा बंद. असं वीसेक वेळा झाल्यावर त्यांनी रेडिओच्या पाठीवर हात ठेवला. पाठ कोमट लागली आणि दुकानदाराचा तो एक शब्द आठवून त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अकोल्याच्या उन्हात माणसाला बोलवत नाही, तिथे रेडिओचं काय? त्यांनी रेडिओ वाळ्याच्या ताटीपुढे नेला, त्याच्यावर ओला पंचा पांघरला आणि ताटीवर पाणी शिंपडत बसले.

शेजारचे शेषराव गुरुजी आणि त्यांची बायको सुंदराबाई सगळ्यांच्या आधी आले. पंचा पाहून गुरुजी दारातच थबकले.

"जय भीम, देवमनभाऊ. कोन आजारी हाय?"

"रेडिओ. उष्णता झाली त्याले."

गुरुजींनी पंचा उचलला, रेडिओच्या रिकाम्या खोक्यात हात घातला आणि तिथला मराठी कागद बाहेर काढला. "हे कोनी वाचलं काय? पह्यलंच वाक्य पाहा. अर्थ दिल्याशिवाय रेडिओ सुरू करू नये."

"अर्थ? कायचा अर्थ?"

गुरुजींनी डोळे मिटून विचार केला. "म्हंजे हेतू. आपन हा कायले घेतला, ते स्पष्ट पाह्यजे."

भाऊंना हे जरा विचित्र वाटलं, पण गुरुजी पडले शिकलेले. भाऊंनी बटण फिरवलं, घसा खाकरला आणि रेडिओला सांगितलं, "आमची केशर गानार हाय. तिची शेवटची ओवी मले ऐकाची हाय." रेडिओ ढिम्म. गुरुजी म्हणाले, जरा खुलासेवार सांगा. भाऊंनी लग्नापासून सुरुवात केली.

सुंदराबाईंना हे पाहवेना. "अवो, भूगोलात पोराईले काय शिकवता? इंग्रजीत जमिनीले काय म्हन्ते?"

"अर्थ," गुरुजी म्हणाले. त्यानंतर तो कागद त्यांनी बायकोच्या हातात दिला.

मग रेडिओची एक तार जमिनीत पुरायला सगळे अंगणात गेले. काळी जमीन मे महिन्यात अशी फाटली होती की तारेला बांधलेला खिळा एका भेगेत पडला तो दिसेनासाच झाला. ओल पाहिजे म्हणून भाऊंनी दोन बादल्या ओतल्या. भेगेने दोन्ही पिऊन टाकल्या. तिसरी भरेपर्यंत पाच-सात मिनिटं गेली आणि या धांदलीत रेडिओ बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. झालं ते बरंच झालं, कारण रेडिओला पहिल्यांदाच निवांत तापायला मिळालं होतं.

एकदम घरातून भारदस्त आवाजात कापसाचे भाव ऐकू आले. सुंदराबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला. "घरात कोन मानूस शिरला?"

"नागपूर आलं!" भाऊ बादली टाकून धावले.

पण नागपूर आलं ते खरखरत. सुंदराबाईंनी कागदात पाहून सांगितलं, दुसरी तार उंचावर पाहिजे. भाऊ तार घेऊन कवेलूंच्या छपरावर चढले. त्यांनी हात वर केला आणि आवाज चोख झाला. तार बांबूला बांधून ते उतरले की पुन्हा खरखर. पुन्हा चढले, पुन्हा चोख. गुरुजींना चढवून पाहिलं, तर त्यांच्या हाताला नागपूर येईचना. एव्हाना पावणेसहाला दोन मिनिटं राहिली होती आणि खाली घरात सतरंजीवर तीस माणसं बसली होती.

"भाऊ, तुमीच चढा," गुरुजी म्हणाले. "अन् हालू नका."

रेडिओ आतल्या खोलीत, भाऊ छपरावर. "आवाज वाढवा" असं त्यांनी दोनदा सांगितलं, पण आता बटणाला हात लावायची कुणाची छाती होईना. पहिल्या चार ओव्या त्यांना भुंग्याच्या गुणगुणीएवढ्या ऐकू आल्या. शेवटची सुरू होतेसं वाटलं तेव्हा ते पालथे पडले आणि त्यांनी कान वळचणीला लावला. त्याबरोबर हात खाली आला, नागपूर गेलं आणि तीस माणसं ओरडली, "हात वर! हात वर!"

भाऊंनी निमूटपणे हात वर केला. वाईट वाटत होतं, पण करतात काय? नागपूर परत आलं. मग सगळं घर एकदम हसलं. गुरुजींनी तर चष्मा काढून डोळे पुसले.

"काय म्हनली?" भाऊंनी वरून विचारलं.

"नशीबवान हाय तुमी, भाऊ," सुंदराबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या. "तुमाले नाही काय आलं ऐकू?"

आता स्वतः आणलेल्या, स्वतः लावलेल्या रेडिओवर स्वतःच्या बायकोची ओवी ऐकू आली नाही, हे कोणता पुरुष कबूल करील? "आलं ना," भाऊ म्हणाले. "इथून तं जास्तच साफ येते." एकदा असं म्हटल्यावर कुणाला विचारायची सोय उरली नाही.

सोमवारी दुपारी स्टेशनावर केशरबाईने पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, "शेवटची ऐकली ना?"

"तीच तं सगळ्यात चांगली होती."

"मंग? कबूल हाय?"

"शंभर टक्के कबूल."

केशरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मले वाटलं, तुमाले राग येईन."

"राग कायचा? तू म्हतलं ते खरंच हाय," भाऊ म्हणाले, आणि टांग्यात बायकोसाठी त्यांनी चांगली जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुणीतरी त्यांना गदागदा हलवलं. डोळे उघडले तर समोर जातं मांडलेलं, शेजारी ज्वारीनं भरलेलं सूप. केशरबाई परत अंथरुणावर आडवी होत होती.

"हे काय?"

"दळन. कबूल केलं ना तुमी काल?" आणि पडल्या पडल्याच तिने ओवी म्हटली. या वेळी ती भाऊंना अक्षर न अक्षर ऐकू आली:

"पहाटेच्या पारी, घरघर कोनाच्या घरात,
कारकून धनी दळते, केशर निजली झोकात."

भाऊंनी जात्याचा खुंटा धरून पाहिला, सोडला. मग हळूच म्हणाले, "चक्कीवर नेऊन आनतो ना मी."

"रेडिओवर म्या जातं म्हतलं, चक्की नाही म्हतली. उभ्या विदर्भानं ऐकलं." केशरबाईने कूस बदलली आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली. "अन् जरा हळू दळजा. मले झोपू द्या."