सासऱ्यांचा एक पाय

दुपारचे चार वाजले तरी सासरे एका पायावरच उभे होते. बाराला उभे राहिले ते राहिलेच. तेवढ्या वेळात त्यांनी पेपर वाचला, चहा घेतला, फोनवर साडूशी भांडून झालं, आणि खिडकीतून आलेलं एक कबूतर त्यांना खांब समजून खांद्यावर चांगली झोप काढून गेलं.

समोर सून घड्याळ धरून रडकुंडीला आलेली. ती फिजिओथेरपिस्ट. म्हातारपणी तोल जाऊ नये म्हणून तिनं नवा व्यायाम काढला होता. दहा जणांना तो शिकवला, दहांना जुनाच ठेवला, आणि एका पायावर कोण किती टिकतं ते मोजलं. नव्यावाले पन्नासेक सेकंद, जुन्यावाले जेमतेम वीस. झालं की काम! उरले होते फक्त सासरे, जुन्या गटातले. आणि प्रबंध पाचच्या आत द्यायचा.

"बाबा, टेका ना पाय!"

"का म्हणून? दमलोय का मी?"

"अहो, तुमच्या एकट्यामुळे जुन्या गटाची सरासरी चोवीस मिनिटांवर गेली. माझा व्यायाम बुडाला!"

"मग खोड माझं नाव."

"नडतो म्हणून आकडा खोडायचा? ती लबाडी झाली."

"मग मोज!" सासऱ्यांनी मिशीला पीळ दिला.

सूनही त्याच घरातली. पदर खोचला आणि संख्याशास्त्राचं पुस्तक उघडलं. पानं उलटता उलटता एकदम थांबली. इथं दिलेल्या, दोन गटांची तुलना करायच्या चाचणीत सेकंदांची सरासरी नव्हतीच! विसांना एका रांगेत लावायचं आणि नुसते नंबर बघायचे, कुठल्या गटाचे वर आणि कुठल्याचे खाली. सासरे पहिले. दुसऱ्यापासून अकराव्यापर्यंत झाडून सगळे नव्या व्यायामाचे. जुन्याचे बाकी नऊ तळाला. आता सासरे दिवाळी येईस्तोवर उभे राहिले तरी नंबर हलणार नव्हता. पाचला दहा कमी असताना प्रबंध गेला.

"बाबा, जिंकला माझा व्यायाम!"

"आणि मी?"

"तुम्ही पहिले."

"अजून तासभर राहिलो तर?"

"पहिलेच."

"दुसरा किती टिकला?"

"अठ्ठावन्न सेकंद."

सासऱ्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे बारा वाजून एक मिनिटाला बसलो असतो तरी…"

"पहिलेच."

सासरे धपकन खुर्चीत बसले. "कसली मेली चाचणी! माणसाच्या मेहनतीला काही किंमत?"

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "टेकला का गं त्यांनी पाय?"

"टेकला, आई."

"मग मीही टेकते बाई. पावणेबारापासून उभी आहे. मला मेलं कुणी मोजलंच नाही."