हा हात रॉनीचाच!

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गिटारच्या बाबतीत माझ्यासारखा कान अख्ख्या चेन्नईत नाही! काही लोक नुसता वास घेऊन आंबा कुठल्या गावचा ते सांगतात ना, तसं मी दोन सूर ऐकून सांगतो, वाजवतोय कोण. म्हणजे, सांगायचो.

ग्रॅनाइट मिल हा आमचा लाडका बँड. पंचेचाळीस वर्षं हार्ड रॉक वाजवतायत, आणि आता चौदा वर्षांनी त्यांचा नवा अल्बम येत होता! पोस्टरवर गिटारवाले दोन. एक आमचं दैवत, सत्तरीतला रॉनी क्रेल. दुसरा नवा भरती झालेला डेक्स, वय अठ्ठावीस. कुठल्या गाण्यात गिटार कोणाची, हे बँडने मुद्दाम गुलदस्त्यात ठेवलं होतं. रविवारी चारला अल्बम बाहेर पडणार आणि सहाला उत्तर जाहीर होणार!

शोळिंगनल्लूरच्या आमच्या ऑफिसात आम्ही पाच चाहते. त्या रविवारच्या आधीचे दोन आठवडे कँटीनमध्ये आम्ही जेवलो कमी आणि भांडलो जास्त. माझ्याच टीममधली इरा म्हणजे डेक्सची कट्टर भक्त.

"शार्दूल, रॉनीची बोटं थकली आता! नव्याला वाजवू दे की!"

"थकली? अगं, मुरलेलं लोणचं आणि कालची कैरी यात काही फरक आहे की नाही!"

अशात बँडच्या एका स्पर्धेत आमच्या गटाला बक्षीस लागलं. बँडमधल्या सगळ्यांच्या सह्या असलेली नव्या अल्बमची रेकॉर्ड, रविवारपर्यंत सीलबंद! एकच! पाच जणांत एक! शेवटी मीच तोडगा काढला. रविवारी माझ्या घरी एकत्र ऐकायचं, आठही गाण्यांपुढे कागदावर नाव लिहायचं, ज्याची जास्त उत्तरं बरोबर त्याची रेकॉर्ड. मी हा तोडगा का काढला, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच. रेकॉर्ड टांगायला मी भिंतीवर जागासुद्धा ठरवून ठेवली होती!

प्रश्न होता घरमालकांचा. तांबरमला मी ज्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो ते भीमसेनराव तंजावरचे मराठी. पिढ्यान् पिढ्या इकडेच, त्यामुळे मराठी जुन्या वळणाचं आणि हेल तमिळ. घरात मोठ्याने फक्त कुकरची शिट्टी वाजते. त्यांना हार्ड रॉक कसं सांगायचं? मी जरा गोड शब्दांत सांगितलं.

"काका, रविवारी एका फार थोर, वयोवृद्ध विद्वानांचं वादन आहे. पंचेचाळीस वर्षांची तपश्चर्या! आम्ही चार-पाच जण शांतपणे ऐकू."

भीमसेनरावांचे डोळे भरून आले. "अय्यो, आमच्या घरीं विद्वान! भाग्य आहे पा! तुम्ही कांहीं पाहूं नका, सगळें मी पाहतों."

त्यांनी सगळं पाहिलं!

रविवारी साडेतीनला इरा आणि बाकीचे तिघे काळे टी-शर्ट घालून आले. टी-शर्टवर कवट्या. दार उघडलं तर हॉलभर जमखाना अंथरलेला, समोर कोलमची रांगोळी, आणि जमखान्यावर जरीकाठी वेष्टी-धोतर नेसलेले आजोबा, कांजीवरम नेसलेल्या बायका असे पंधरा-सोळा ज्येष्ठ नागरिक मांडी ठोकून बसलेले! तबकात नारळ, पानसुपारी आणि घडी घातलेली मानाची शाल. घरमालकीण भवानीकाकू सुंडलचं, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचं, पातेलं घेऊन उभ्या.

"शार्दूल, कोणाचं लग्न आहे?" इराने विचारलं.

भीमसेनराव लगबगीने पुढे आले. "विद्वान कुठें? गाडी पाठवूं काय?"

मी टेबलावरच्या स्पीकरकडे बोट दाखवलं.

भीमसेनरावांनी स्पीकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग जमलेल्या पाहुण्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता बिऱ्हाड रस्त्यावर! पण घरी बोलावलेल्या माणसांसमोर कचेरी, म्हणजे गाण्याची मैफल, रद्द करणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने घोर अपमान. "रेकॉर्डिंग तर रेकॉर्डिंग," ते घसा खाकरून म्हणाले. "सरी, आरंभ करा."

इरा कागद वाटू लागली. पहिल्या रांगेत अन्नपूर्णाबाई बसल्या होत्या. एग्मोरला पन्नास वर्षं वीणा शिकवलेल्या, वय अठ्ठ्याऐंशी, नाकात दोन्हीकडे हिरे. त्यांनीही हात पुढे केला.

"आजी, ही आमची पैज आहे," इरा म्हणाली.

आणि इथे, मंडळी, मी उदार झालो! "दे गं, दे! आजींनापण दे! ऐकतोय तो खेळतोय! बरोबर आली तर त्यांची रेकॉर्ड!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मीच.

चार वाजले. पहिलं गाणं सुरू झालं आणि खिडकीच्या काचा थरथरल्या! एका मामांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. पण कोणी उठलं नाही. उलट दुसऱ्या मिनिटाला पंधरा तळहात पंधरा मांड्यांवर ताल धरायला लागले, आणि ताल चुकेना! मला तर अंगावर काटा आला. कवटीवाले आणि जरीवाले एका ठेक्यावर डोलतायत, असं दृश्य बँडने जन्मात पाहिलं नसेल!

तिसऱ्या गाण्यात ड्रम्सचा लांबलचक तुकडा आला. तोच सगळे आजोबा शांतपणे उठून कॉफीला गेले.

"अहो, हाच तर भारी भाग आहे!" इरा ओरडली.

"आमच्या कचेरींत मृदंग एकटा वाजूं लागला कीं आम्ही कॉफीलाच जातों," भीमसेनराव समजुतीने म्हणाले. "विद्वानाचा अपमान नाहीं. रिवाज आहे."

पाचव्या गाण्यात मात्र ती गिटार आली! संथ, खोल, एकेक सूर काळजाला हात घालणारा. माझे डोळे वाहायला लागले. मी उभा राहून ओरडलो, "हा हात रॉनीचाच! पंचेचाळीस वर्षं बोलतायत त्या हातातून! आहे का तुमच्या डेक्सची टाप!" शेवटपर्यंत माझ्या कागदावर एकूण पाच ठिकाणी रॉनी झाला. इरानेही मान खाली घालून त्या गाण्यापुढे रॉनीच लिहिलं. अन्नपूर्णाबाईंनी आठवं गाणं संपल्यावर एकदाच काहीतरी लिहिलं आणि कागद उलटा ठेवला.

सहा वाजले. मोबाईलवर बँडची, रेकॉर्डिंग संपतानाच घेऊन ठेवलेली मुलाखत लागली. रॉनी स्वतः बोलत होता, आणि त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला!

"रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मी जिन्यावरून पडलो," तो हसत म्हणाला. "महिनाभर स्टुडिओत बसून मी फक्त चहा प्यायलो. आठही गाणी या पोराने वाजवलीत. एकही सूर माझा नाही!"

इराला हसावं की रडावं कळेना. तिनेही तीन ठिकाणी रॉनी लिहिलं होतं. भीमसेनरावांनी अन्नपूर्णाबाईंचा कागद उलटला. वर मोडीसारख्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती: "आठही एकच हात. लहान वय."

"आजी, कसं ओळखलंत?" मी जवळजवळ किंचाळलो.

"वरच्या सुरावर चढायाच्या आधीं प्रत्येक वेळीं तो थोडा धांवतो," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "आठही वेळां धांवला. म्हाताऱ्याला कसली आलीय घाई? तूं ऐकूलाला नव्हतास रे. तूं भक्ति करूलाला होतास."

मला खरंच लाज वाटली. पण लाजेपेक्षा रेकॉर्डची काळजी जास्त होती! "आजी, तुम्हाला हा धिंगाणा काय उपयोगाचा? मी तुम्हाला भक्तिगीतांचा सुंदर संच आणून देतो."

"नक्को." त्यांनी रेकॉर्ड पदरात घेतली. "पोरगा गुणी आहे. ठाऊक नाहीं त्याला कोणी सांगितलें कीं नाहीं, पण दोन वर्षें बसला तर वीणासुद्धां वाजवील. माझ्याकडे रेकॉर्डचें यंत्र आहे. तुला ऐकायचें असेल तर रविवारीं ये. सुईला हात लावायचा नाहीं."

आता दर रविवारी मी तांबरमहून एग्मोरला जातो. अन्नपूर्णाबाई सुई ठेवतात, मी जमिनीवर बसतो, आणि गाणं संपलं की त्या माझी परीक्षा घेतात: "सांग, कोण वाजवीत होता?"

गेल्या रविवारी पाचवं गाणं लागलं. तेच संथ, खोल सूर. माझे डोळे पुन्हा भरून आले. आठही गाण्यांत एकच माणूस वाजवतोय, त्याचं नाव डेक्स, हे आता जगजाहीर आहे.

मी तरीही चुकलो!