ऊर्मीच्या प्रोजेक्टमधला मी

आमच्या ऊर्मीनं अकरावीला सायकॉलॉजी घेतली, तेव्हा घरात न घाबरलेला एकच माणूस होता, आणि तो मी.

"त्यात शिकवतात तरी काय?" कौमुदी विचारत होती. कौमुदी म्हणजे माझी बायको. ती एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे ज्यांची बेरीज होत नाही अशा गोष्टींचा तिला संशय येतो.

"माणसं ओळखायला शिकवतात," मी सांगितलं. "त्यात काय एवढं? मी नाही ओळखत?"

चेन्नईतल्या अड्यारच्या आमच्या सरकारी ऑफिसात मी इतकी वर्षं काढली आहेत की, नुसत्या चपलेच्या आवाजावरून कोण हाफ डे मागायला येतंय ते मी सांगू शकतो. (हाफ डे देणं माझ्या हातात नाही. पण ओळखणं माझ्या हातात आहे.) तेव्हा पालकांसाठी शाळेनं 'या विषयाकडून काय अपेक्षा ठेवावी' अशी सभा ठेवली, त्या सभेला या खेपेस आपणच जायचं असं मी ठरवलं. एरवी शाळेत कौमुदी जाते. तिला जाऊ दिलं असतं तर ही कथा झालीच नसती.

सायकॉलॉजीच्या रंजनी मिस म्हणजे सुती साडीतल्या, बारीक अंगाच्या, माइक बाजूला सारून बोलणाऱ्या बाई. अर्धं इंग्रजी, अर्धं तमिळ. पहिल्याच वाक्यात त्यांनी सांगून टाकलं, "तुमची मुलं मनातलं ओळखायला शिकतील असं वाटून आला असाल, तर बाहेर कॉफी ठेवलीय, ती घेऊन घरी जा. हा अभ्यास आहे. बघायचं, मोजायचं, लिहायचं, पुन्हा मोजायचं. आणि पहिले दोन महिने मुलं घरातल्या प्रत्येकाला कुठला ना कुठला मानसिक आजार लावून देतील. मनावर घेऊ नका."

एका वडिलांनी उठून विचारलं, "याचा नीट परीक्षेला उपयोग होईल का?"

मिस "नाही" म्हणाल्या आणि ते खाली बसले. ('नीट वागायला होईल,' असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्या हॉलमध्ये मराठी कळणारं कुणी नव्हतं. असे कितीतरी विनोद मी चेन्नईत गिळले आहेत.)

मग मिस पहिल्या प्रोजेक्टबद्दल बोलू लागल्या आणि नेमका माझा फोन वाजला. आमच्या अण्णा नगरच्या बिल्डिंगचा वॉचमन. पाण्याची मोटर चालू-बंद करायची आठवड्याची पाळी आमची होती, आणि मी ती चालू करून आलो होतो. टाकी भरून पाणी जिन्यातून खाली येत होतं. बाहेर जाऊन त्याला बटण समजावून मी परत आलो, तेव्हा मिस सांगत होत्या, "...त्या व्यक्तीला कळलं की आपल्यावर लक्ष आहे, की ती नाटक करायला लागते. म्हणून घरातल्या एकाच व्यक्तीचं रोजचं वागणं पंधरा दिवस बघायचं."

मी मान डोलावली. आधीचं हुकलं होतं, पण मुद्दा कळला होता.

पुढचा आठवडा मी गाफील होतो. मग एका संध्याकाळी, सोफ्यावर पाय पसरून बातम्या बघताना माझ्या लक्षात आलं की जेवणाच्या टेबलाशी बसून ऊर्मी माझ्याकडे बघतेय. बघतेय, आणि टॅबवर काहीतरी टाइप करतेय. पुन्हा बघतेय.

"बाबा, तू रविवारी दिवसभर घरीच आहेस ना?"

"हो. का गं?"

"काही नाही," असं म्हणून तिनं तेही टाइप केलं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती व्यक्ती मी होतो! पहिल्यांदा अभिमान वाटला. घरात आई असताना मुलीनं अभ्यासाला बाप निवडावा, ही काय लहान गोष्ट आहे? दुसऱ्या क्षणी गेला आठवडा आठवला. बनियन. पेपर अंथरून कापलेली पायाची नखं. 'कौमुदी, पाणी' ही हाक, पाण्याचा जग हाताशी असताना. हे सगळं नोंदलं गेलं होतं.

पण मी डगमगलो नाही. अजून निम्मे दिवस हातात होते. उरलेल्या आठवड्यात इतकं उत्तम वागायचं की सरासरीच वर गेली पाहिजे. (सरकारी खात्यात सगळं सरासरीवर चालतं.)

दुसऱ्या दिवशी कौमुदीच्या आधी उठून मी फिल्टर कॉफी केली. आमच्याकडे पितळेचा फिल्टर आहे. वरच्या भांड्यात पूड घालून उकळतं पाणी ओतायचं, खालच्या भांड्यात डिकॉक्शन उतरतं. खालचं भांडं लावायचं असतं हे मला ठाऊक होतं. ते लावलेलं नाही, एवढंच ठाऊक नव्हतं. डिकॉक्शन ओट्यावरून ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरमधून कौमुदीच्या डब्याच्या पिशवीत उतरलं.

"तुम्ही स्वयंपाकघरात कशाला आलात?" कौमुदीनं विचारलं.

"तुझ्यासाठी," मी म्हणालो, आणि चेहऱ्यावर समजूतदार हसू आणलं. टेबलाशी ऊर्मी टाइप करत होती.

मग मी अलमेलूकडे वळलो. अलमेलू आमच्याकडे भांडी आणि केरफरशी करते. कष्टकरी माणसाबद्दल आपल्याला कळवळा आहे, हे मुलीला दिसायला हवं होतं. मी माझ्या तमिळमध्ये तिला म्हणालो, "जरा बसा, विश्रांती घ्या." माझं तमिळ भाजीवाल्यापर्यंत पोचतं, त्यापुढे जात नाही. अलमेलूला 'आता तुमचं काम पुरे झालं, घरी विश्रांती घ्या' असं ऐकू आलं. ती डोळ्यांना पदर लावून निघून गेली. संध्याकाळी कौमुदी ऑफिसातून आली ती सिंकभर भांडी बघून तशीच उलट पावली अलमेलूच्या घरी गेली आणि तिची समजूत घालून परतली.

ती दमून खुर्चीत बसली. हीच वेळ होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "कौमुदी, तू आज फार सुंदर दिसतेस."

ती ताडकन उठली. "बदली झाली ना?"

"कुणाची?"

"मला फसवू नका. गुवाहाटीला ना? मला वाटलंच होतं. ऊर्मीची अकरावी आत्ता कुठे सुरू झालीय आणि..."

"अगं, बदली-बिदली काही नाही. बायकोशी दोन शब्द चांगले बोलू नयेत का?"

"बोलावेत की. पण तुम्ही?"

त्या दिवसापासून तिचं माझ्याकडे बघणं बदललं. मी पाण्याचा मोठा कॅन उचलून डिस्पेन्सरवर उलटा करायला गेलो (अर्धा हॉलमध्ये गेला, अर्धा व्यवस्थित बसला, हे कुणी बोलत नाही), तेव्हा ती ओरडली नाही. मुकाट्यानं फडकं घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "जड उचलू नका हो." बुधवारी मी तिच्या आईला आपण होऊन फोन केला आणि त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. त्यावर सांगलीहून तिला लगेच उलटा फोन आला. "जावईबापू बरे आहेत ना गं?"

गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. डोळे भरलेले.

"खरं सांगा. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"माणूस असा एकाएकी बदलत नाही. आमचे काका असेच एकदम गोड वागायला लागले होते. सगळ्यांना फोन करत होते. महिन्याभरात गेले."

आता मात्र सांगून टाकावं असं वाटलं. पण मागे टेबलाशी ऊर्मी बसली होती. इथे तोंड उघडलं तर पोरीचं प्रोजेक्ट मातीत जाणार. मी कौमुदीचा हात हातात घेतला आणि शक्य तितक्या धीरगंभीर आवाजात म्हणालो, "फक्त शनिवारपर्यंत थांब. मग तुला सगळं कळेल."

ती रडायलाच लागली.

शुक्रवारी आमच्या ऑफिसच्या एका पाहणीसाठी मला चेन्नईबाहेर श्रीपेरुंबुदूरला जावं लागलं. तेवढ्यात कौमुदीनं मधुसूदनला फोन केला. मधुसूदन माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. त्याचं मराठी ऐकताना जुनी बखर बोलतेय असं वाटतं. प्रोजेक्टचं गुपित मी त्याला आणि ऑफिसातल्या बाकी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि शप्पथही घातली होती. माणूस शपथेला पक्का.

"वैनी," तो म्हणाला, "मज काहीं विचारूं नका. रत्नाकरांस मी वचन दिलों आहें. शनवारीं तुम्हांस कळेल. धीर धरा."

कौमुदीनं फोन ठेवला आणि सोमवारची हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. हे मला नंतर कळलं.

शनिवारी शाळेत मुलं पालकांसमोर आपापली प्रोजेक्ट्स मांडणार होती. मी नवा शर्ट घातला. मधुसूदनला मुद्दाम बोलावलं होतं; गौरवाच्या वेळी ऑफिसचा एक माणूस साक्षीला असावा. आम्ही पहिल्या रांगेत बसलो. माझ्या एका बाजूला मधुसूदन, दुसऱ्या बाजूला रुमाल मुठीत धरून कौमुदी. तिच्याकडे झुकून मी म्हणालो, "आता बघ."

ऊर्मी स्टेजवर आली. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

पडद्यावर विषय उमटला: 'नोकरी करणाऱ्या आईवरील दैनंदिन ताण: एक निरीक्षण.'

मला वाटलं, दुसऱ्याच कुणाची स्लाइड लागली. पण ऊर्मी शांतपणे बोलू लागली. घरातली एक व्यक्ती, 'क'. तिची परवानगी घेतलेली. रोज सकाळी आणि रात्री तिची नाडी मोजली आणि दिवसभरात कधी किती ताण वाटला हे तिलाच विचारलं. म्हणजे मी फोनसाठी बाहेर गेलो तेव्हा मिस सांगत होत्या ती परवानगी ही! आणि आमच्या सोफ्याच्या बरोबर मागे स्वयंपाकघराचं दार आहे. मी बातम्या बघत असताना ऊर्मी माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरून आईकडे बघत होती.

"पहिल्या आठवड्यात क यांचा ताण मध्यम होता," ऊर्मी म्हणाली. पडद्यावर निळी रेघ सपाट चालली होती. "या काळात घरातला दुसरा घटक, 'र', बहुतेक वेळ सोफ्यावर होता. दुसऱ्या आठवड्यात र यांनी मदत करायला सुरुवात केली."

रेघ उभी चढली. हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं.

"हे कॉफीचं शिखर. हे कामवाल्या बाईंचं. इथे र यांनी क यांची स्तुती केली." दर शिखरागणिक हशा मोठा होत होता. "गुरुवारी रात्री ताण सर्वांत जास्त. कारण कळलं नाही. र फक्त एवढंच म्हणाले की शनिवारपर्यंत थांब. आणि पंधरा दिवसांतला सर्वांत कमी ताण शुक्रवारी दुपारपर्यंत. त्या दिवशी र श्रीपेरुंबुदूरला गेले होते. दुपारी एका फोननंतर तो पुन्हा वाढला."

मधुसूदननं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "वाईट वाटूं देऊं नका, सामी," तो कुजबुजला. "र म्हणजे रंजनी मिस असतील."

माझा मोबाइल अजून रेकॉर्डिंग करत होता. मी कौमुदीकडे वळलो. ती माझ्याकडेच बघत होती.

"हे... हे सगळं प्रोजेक्टसाठी होतं?"

"मला वाटलं, ती माझ्यावर करतेय."

"म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही गं."

ती आधी हसली. मग हसता हसता रडली. मग रुमालानं डोळे पुसून तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी ओरडलो, आणि मागच्या दोन रांगा माना उंचावून बघू लागल्या. "रात्ररात्र जागी होते मी," ती म्हणाली. "एक शब्द बोलता येत नव्हता?"

"तूही बोलली नाहीस की तिचा विषय तू आहेस म्हणून!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर सूचना दिल्या असत्यात."

हे खोटं नव्हतं.

कार्यक्रमानंतर रंजनी मिस स्वतः आमच्याकडे आल्या. ऊर्मीला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले होते. "सर," त्या म्हणाल्या, "शाळेच्या प्रोजेक्टमध्ये सहसा काही घडतच नाही. सगळ्यांच्या रेघा सपाट येतात. तुमच्यामुळे पोरीला इतका स्पष्ट निष्कर्ष मिळाला!"

मी पुन्हा ताठ झालो. निष्कर्ष काहीही असो, तो माझ्यामुळे होता. परत येताना रिक्षात मी ऊर्मीला म्हणालो, "बाळा, एवढं केलं मी तुझ्यासाठी. आभाराच्या स्लाइडमध्ये माझं नाव होतं ना? मी त्या वेळी मोबाइल बंद करत होतो, मला दिसलं नाही."

"आभारात रंजनी मिस, आई आणि अलमेलू अक्का आहेत," ऊर्मी म्हणाली.

"आणि मी?"

"तू पण आहेस बाबा," असं म्हणत तिनं टॅब माझ्यापुढे धरला. "ही बघ आधीची स्लाइड."

स्लाइडचं शीर्षक होतं, 'प्रयोगासाठी लागणारं साहित्य'. आणि खाली: ऑक्सिमीटर, एक. टॅब, एक. वडील, एक.